नियम कोडमध्ये, तक्त्यात की लिस्टमध्ये? जिनिंगच्या हिशोबावरून केलेली तुलना

तालुक्याच्या गावात बसून जिनिंग, अडत दुकान किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ऐन हंगामात एक फोन ठरलेला असतो: "भाऊ, उद्यापासून नियम बदलला, तेवढं करून द्या." या फोनची तयारी आधीच कशी करून ठेवायची, एवढाच इथला विषय. पुस्तकी भाषेत याला प्रोग्रामकडे डेटा म्हणून पाहणं म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हिशोबाचा नियम कोडमध्ये पुरून ठेवायचा नाही. तो बाहेर काढायचा, साठवायचा, तपासायचा, बदलायचा आणि मग चालवायचा.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. नियम चालवता येणं हे अर्धंच काम झालं. तो प्रोग्रामला वाचताही आला पाहिजे. खालचे सगळे पर्याय मी याच कसोटीवर लावले आहेत, आणि काही लोकप्रिय पर्याय तिथेच गळतात.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. ८ ते १२ च्या दरम्यान जितके टक्के जास्त, तितके टक्के भावात कपात. १२ च्या वर खरेदी नाही. मीटरवर १०.५ आलं, तर २.५ टक्के म्हणजे २०२.७५ रुपये कमी, भाव ७९०७.२५.

सरळ कोडमध्ये

दोन इफ, एक एल्स (जर-नाहीतर), काम खलास. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. गिऱ्हाईक एकच असेल, नियम वर्षातून एकदा बदलत असेल आणि दुकान तुमच्या घरापासून मोटरसायकलच्या अंतरावर असेल, तर हाच पर्याय घ्या आणि पुढचं वाचू नका.

गिऱ्हाइकं वाढली की अडचण सुरू होते. हिंगणघाटच्या जिनिंगचा नियम एक, वणीच्या व्यापाऱ्याचा दुसरा, म्हणून प्रत्येकाची वेगळी कॉपी. दोन हंगामांनी कोणाकडे कोणती कॉपी आहे हे तुम्हालाच सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मागच्या वर्षीची पावती कोणी पुढे केली, की तो भाव कसा निघाला हे दाखवता येत नाही. तो नियम कोडमधून केव्हाच पुसला गेलेला असतो.

तक्त्यात

डेटाबेसमध्ये एक टेबल: माल, किमान ओलावा, कमाल ओलावा, दर, केव्हापासून, केव्हापर्यंत. बहुतेकांनी सुरुवात इथून करावी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीतली ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. ज्यांच्याकडे तक्ता होता त्यांनी एक आकडा बदलला. तारखेचे दोन रकाने ठेवलेले असतील, तर जुन्या पावत्यांनाही धक्का लागत नाही.

तक्ता हरतो तो आकडा न बदलता नियमाचा आकारच बदलतो तेव्हा. "ओलाव्याची कपात आणि कवडीची (किडक्या, डागी कापसाची) कपात, दोन्हींतली जी मोठी तीच लावा" हे कोणत्या रकान्यात लिहिणार? मग 'प्रकार' नावाचा रकाना येतो, त्यात १, २, ३. मग 'अट' नावाचा. मग 'अटीतली अट'. काही महिन्यांत तक्ता ही एक प्रोग्रामिंगची भाषाच होऊन बसते, फक्त ती कोणी विचार करून बनवलेली नसते. अमेरिकी प्रोग्रामर फिलिप ग्रीनस्पन यांचा एक गमतीचा नियम प्रसिद्ध आहे: सी किंवा फोरट्रानमधल्या कुठल्याही पुरेशा गुंतागुंतीच्या प्रोग्रामच्या पोटात अर्धंमुर्धं, भोंगळ कॉमन लिस्प (कोडलाच डेटा मानणाऱ्या लिस्प भाषेचा एक प्रकार) लपलेलं असतं. हा नियम खरा कसा ठरतो, हे 'प्रकार' या रकान्याकडे पाहिलं की कळतं.

स्ट्रिंग आणि इव्हॅल

नियम मजकूर (स्ट्रिंग) म्हणून साठवायचा आणि वेळ आली की इव्हॅलला, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, द्यायचा. पायथनमध्ये आहे, जावास्क्रिप्टमध्ये आहे. एका ओळीत काम होतं, म्हणून मोह होतो.

`दर - दर * (ओलावा - ८) / १००`

पायथन ३ मध्ये चलांची (व्हेरिएबलची) नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे हे जवळजवळ असंच लिहिता येतं. आकडे मात्र पायथनच्या कोडमध्ये इंग्रजीच लागतात, इथे मी वाचायच्या सोयीसाठी मराठी लिहिले आहेत. एक गंमत सांगून ठेवतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात, आणि ते चिन्ह नावात आलं की पायथन अडतं. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात, चूक शोधताना डोकं फिरतं.

पण मुख्य तक्रार वेगळी आहे. सेटिंगच्या पडद्यावर नियम कोण टाकतो? मुनीमजी. त्यांना तो कुठून येतो? व्हॉट्सअॅपवरून. म्हणजे कोणाच्याही फोनवरून आलेला मजकूर तुम्ही पूर्ण अधिकारांसह चालवता आहात. "बिल्टइन्स (पायथनची अंगभूत फंक्शनं) रिकामे करून दिले की इव्हॅल सुरक्षित होतं" असा एक समज आहे. होत नाही. नुसत्या रिकाम्या ट्युपलच्या क्लासवरून मूळ ऑब्जेक्टपर्यंत चढता येतं आणि तिथून त्याच्या सगळ्या उपवर्गांपर्यंत, म्हणजे बंद केलेली दारं मागून उघडता येतात. वाईट हेतू असायचीही गरज नाही. कोणी चुकून घातांकावर घातांक, `९**९**९`, लिहिला, की काट्यावरचा कॉम्प्युटर गोठला आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली.

समजा धोका नाही, नियम तुम्ही स्वतःच टाकता. तरी स्ट्रिंग कसोटीवर नापासच. तिच्याकडून उत्तर मिळतं, त्यापलीकडे काही नाही. यात ओलावा वापरला आहे का, कोणत्या आकड्याशी तुलना केली आहे, कपात नेमकी कशाची झाली, यातलं काहीही तिला विचारता येत नाही. प्रोग्रामच्या दृष्टीने ती अक्षरांची माळ आहे.

पायथनचं एएसटी

पायथनच्याच एएसटी (ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड) मॉड्यूलमध्ये त्याच स्ट्रिंगचं झाड मिळतं. चालवायच्या आधी हे झाड तुम्ही फिरून पाहता: बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, तुलना, इफ, नाव, आकडा एवढ्याच फांद्यांना परवानगी, बाकी काही दिसलं की नियम परत. मग इव्हॅलला हात न लावता तेच झाड आपल्या फंक्शनने चालवायचं. कोड पन्नासेक ओळींच्या आत बसतो.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे नियम शाळेतल्या गणितासारखा दिसतो. मुनीमजींना 'दर गुणिले' सरळ वाचता येतं. ज्यांच्याकडे आधीच सगळं पायथनमध्ये आहे, त्यांना मी हाच पर्याय सुचवतो.

खाचखळगे सांगतो. `८ < ओलावा <= १२` ही तुलना पायथनमध्ये एकच फांदी होते, तिच्यात दोन चिन्हं आणि तीन बाजू असतात. फक्त पहिलं चिन्ह पाहून पुढे गेलात तर १२ ची मर्यादा गुपचूप गायब होते, आणि चूक कुठेच दिसत नाही. दुसरं, झाडाचा आकार पायथनच्या हातात आहे, तुमच्या नाही. आकड्यासाठी पूर्वी वेगळी फांदी होती. ३.८ पासून सगळ्या स्थिरांकांना एकच नाव आलं, आणि ३.१४ मध्ये जुनी नावं काढूनच टाकली. तिसरं, ३.९ पासून झाडावरून परत मजकूर बनवता येतो, पण तुम्ही लिहिलेल्या टिपा त्यात राहत नाहीत. आणि इफ-एल्स हे शब्द इंग्रजीच राहतात.

कंसातली लिस्ट

आता माझा आवडता पर्याय. नियम असा लिहायचा:

```
(जर (> ओलावा १२)
    'नाकार
    (जर (> ओलावा ८)
        (- दर (* दर (/ (- ओलावा ८) १००)))
        दर))
```

क्रिया आधी, मग तिचं साहित्य, सगळं कंसात. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, "हे काय उलटं गणित?" दोन-चार दिवसांत डोळा बसतो. ही रीत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेची. १९५८ मध्ये एमआयटीत तिची सुरुवात झाली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध छापून आला. त्या निबंधातलं इव्हॅल हे कागदावरचं गणित होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांच्या लक्षात आलं की हे थेट मशीनवर लिहिता येईल, आणि त्यांनी ते आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर उतरवलं. माणसांसाठी वेगळी, गणितासारखी दिसणारी लिपी नंतर येणार होती. ती आलीच नाही. कंसांची सोय लोकांना इतकी पटली, की तात्पुरती म्हणून आणलेली लिपी आज साठ वर्षांनंतरही चालू आहे.

सोय कोणती? वर लिहिलेला नियम आणि मेमरीतली लिस्ट यांचा आकार एकच. मधे दुसरं झाड नाही, त्याच्या फांद्यांची नावं पाठ करणं नाही. वाचणारा कोड पायथनमध्ये जेमतेम वीस-तीस ओळींचा: कंसाभोवती जागा सोडा, तुकडे करा, कंस उघडला की नवी लिस्ट, मिटला की बंद. आकडे मराठीतच राहू द्या. पायथनचं डेसिमल '१०.५' हा मजकूर जसाच्या तसा आकडा म्हणून घेतं, आणि रुपये-पैशांसाठी फ्लोटऐवजी (तो दशांश आकडे अंदाजे साठवतो) डेसिमलच वापरायला हवं.

'नाकार'च्या आधीचं ते अवतरण चिन्ह मात्र नीट पाहा. त्याचा अर्थ: हे चालवू नको, जसं आहे तसं ठेव. ते नसेल तर प्रोग्राम 'नाकार' नावाचं चल शोधत बसेल. लिस्पमध्ये हेच क्वोट, आणि कोड व डेटा यांच्यातली सीमा एवढ्या एका खुणेवर उभी आहे. व्यवहारातली सूचना: वर्डमधून किंवा आयफोनवरून आलेल्या मजकुरात हे चिन्ह वाकडं होऊन येतं, वाचणाऱ्या कोडला दोन्ही चिन्हं कळू द्या.

आता या लिस्टचं काय काय करता येतं ते बघा.

चालवता येते, हे तर आहेच. तिच्यातली सगळी नावं गोळा करून पावतीवरच्या रकान्यांशी ताडता येतात. कोणी 'ओलवा' लिहिलं असेल, तर नियम साठवतानाच सापडतं, सकाळी गाडी काट्यावर उभी असताना नाही. जिथे जिथे 'ओलावा'ची तुलना आकड्याशी केली आहे ते आकडे वेचता येतात: ८ आणि १२. मग प्रोग्राम स्वतःच ७.९, ८, ८.१, ११.९, १२, १२.१ या किमती टाकून उत्तरांची यादी काढतो आणि मुनीमजींपुढे ठेवतो: "असं असं होईल, बरोबर?" चुका नेहमी काठावरच होतात, ८ ला कपात लागते की ८ च्या वर. ही चाचणी कोणाला हाताने लिहावी लागत नाही. नियम बदलला की चाचणीही बदलते.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी हा पर्याय निवडतो. शेतकरी पावती हातात घेऊन खिडकीशी उभा असतो आणि विचारतो, "भाऊ, दोनशे रुपये काहून कापले?" याचं उत्तर पावतीवरच छापता आलं पाहिजे. त्याच लिस्टवरून चालणारं दुसरं फंक्शन लिहायचं, जे उत्तराऐवजी वाक्य बनवतं. नुसती क्रिया वाचून बनवलेलं वाक्य मात्र भयंकर असतं: 'दर वजा दर गुणिले ओलावा वजा ८ भागिले १००'. हे वाचून शेतकरी शांत होण्याऐवजी आणखी चिडेल. म्हणून भाषेत एक शब्द वाढवायचा, शाळेतल्या गणितातला:

```
(मानू कपात (* दर (/ (- ओलावा ८) १००))
  (- दर कपात))
```

आता मधल्या रकमेला नाव मिळालं, आणि पावतीवर छापता येतं: 'ओलावा १०.५, मर्यादा ८. कपात २०२.७५. भाव ७९०७.२५.' हिशोब करणारा आणि हिशोब सांगणारा मजकूर एकाच नियमातून निघतो, त्यामुळे दोघांत कधी फरक पडत नाही. इफ-एल्सवाल्या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्टीकरणाचं वाक्य वेगळं लिहिलेलं असतं, आणि नियम बदलला तरी ते जुनंच छापत राहतं.

उणी बाजूही आहेच. कंसांचा हिशोब मुनीमजींकडून होत नाही. तो करायला लावूही नये. त्यांना फॉर्म द्या, फॉर्मवरून लिस्ट तुमचा प्रोग्राम बनवेल. आणि भाषा लहान ठेवा. एकदा 'मानू' जमलं की 'पुन्हा' घालायचा हात शिवशिवतो. लूप आला की नियम कधी संपेल याची खात्री गेली.

तेच, जेसनच्या कपड्यात

कंस नको असतील तर हीच लिस्ट जेसनमध्ये (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा पाठवायच्या मजकुराच्या साच्यात) लिहिता येते: `["-", "दर", "कपात"]`. कोणत्याही भाषेत वाचता येते, मोबाईल अॅपला पाठवता येते, वेगळा वाचणारा कोड लागत नाही. पण जेसनमध्ये नाव आणि मजकूर हा फरकच नाही. 'कपात' हे चल आहे की छापायचा शब्द, हे कळत नाही. म्हणून जेसनलॉजिकसारख्या तयार पद्धतीत प्रत्येक चलाला 'व्हार' असं लेबल लावलेला वेगळा ऑब्जेक्ट करावा लागतो. लिस्पमध्ये जे काम एका अवतरण चिन्हात झालं, त्यासाठी इथे चार खुणा. वाचायला रुक्ष, पण टीममध्ये वेब किंवा मोबाईलवाला कोणी असेल तर भांडण नको, जेसन घ्या. आकार तोच असल्याने तपासणी, चाचणी आणि स्पष्टीकरण ही तिन्ही कामं इथेही होतात.

मग पूर्ण लिस्पच का नको?

स्कीम, रॅकेट, क्लोजर, कॉमन लिस्प या लिस्पच्याच घराण्यातल्या भाषा. यातलं एखादं घेतलं तर लिस्ट वाचायचा कोडही लिहावा लागत नाही. १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रो आणले. म्हणजे कोड घेऊन नवा कोड देणारी फंक्शनं, जी चालवण्याच्या आधीच उरकतात. या 'आधीच'मध्ये एक घोळ होतो. सकाळी दहाला चालू सॉफ्टवेअरमध्ये नवा नियम घालायचा आहे, ते मॅक्रोचं काम नव्हे. मॅक्रो तुमची स्वतःची लिहिण्याची कटकट कमी करतात. नियम बाहेरून येत असतील, तर लिस्पमध्येही तुम्हाला लहान, बंदिस्त इव्हॅल्युएटरच (नियम चालवणारा कोड) लिहायचा आहे. लिस्पचं स्वतःचं इव्हॅल पायथनच्या इव्हॅलइतकंच उघडं आहे. क्लोजरमध्ये तर मजकूर वाचणाऱ्या मूळ रीड-स्ट्रिंगला नुसतं वाचतानाही कोड चालवता येतो, म्हणून बाहेरच्या मजकुरासाठी ईडीएन या डेटाच्या साच्याचा वेगळा रीडर दिलेला आहे. तोच वापरा.

शिकण्यासाठी मी स्कीम किंवा रॅकेट सगळ्यांना सांगतो. कामासाठी सांगताना हात आखडतो, आणि कारण तांत्रिक नाही. तुम्ही उद्या पुण्याला किंवा हैदराबादला गेलात तर हे कोण सांभाळणार? यवतमाळ-वर्ध्याकडे पायथन, पीएचपी, जावा येणारी पोरं मिळतात. क्लोजर येणारं पोरगं मिळेपर्यंत हंगाम उलटतो. लिस्प इकडे कोणी पाहिलंच नाही असं मात्र समजू नका. ले-आउटचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन ऑटोकॅडमध्ये ज्या 'लिस्प फाइली' लोड करतात ते ऑटोलिस्पच आहे, ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून. त्यांच्यातल्या एखाद्याला कंसांची भीती नसते, आणि नियम लिहायला तो मुनीमजींपेक्षा बरा.

प्रोलॉगमध्येही नियम हा डेटाच असतो, आणि एलिक्झिर व ज्युलियात क्वोट करून कोडचं झाड मिळतं. चांगल्या भाषा आहेत, पण या कामासाठी त्यांच्यामागे जायचं कारण मला दिसत नाही.

तर निवड अशी. एक गिऱ्हाईक: सरळ कोड. अनेक गिऱ्हाइकं पण फक्त आकडे बदलतात: तारखांसह तक्ता. नियमांचा आकार बदलतो आणि सगळं पायथनमध्ये आहे: एएसटी गाळून. आकार बदलतो आणि कपातीचं कारणही छापायचं आहे: लिस्ट, कंसातली किंवा जेसनमधली. इव्हॅल कुठल्याच ओळीत नाही. तक्ता आणि लिस्ट एकत्रही नांदतात: तारखा तक्त्याच्या रकान्यात, नियम त्याच ओळीतल्या मजकुराच्या रकान्यात.

बागेतल्या कंट्रोलरचं वेगळं आहे

वरुड-मोर्शीकडून संत्र्याच्या ठिबकाबद्दल हाच प्रश्न येतो: पाण्याच्या वेळेचा नियम बागेत जाऊन कोड न भरता बदलता येईल का? लॅपटॉपवर प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत असतात, गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या कॉम्प्युटरच्या रचनेवरच्या १९४५ च्या मसुद्यापासून आपण ते गृहीतच धरतो. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये तसं नाही. प्रोग्राम ३२ केबी फ्लॅशमध्ये, डेटा २ केबी रॅममध्ये, आणि रॅममध्ये ठेवलेला कोड ती चिप चालवतच नाही. तिथे नियम डेटा म्हणून ठेवण्याला पर्यायच नाही. लिस्टऐवजी तो उलट क्रमात, आधी साहित्य आणि शेवटी क्रिया, असा बाइटांमध्ये लिहायचा. फोर्थ भाषेची ही रीत कंसांशिवाय, एका लहान स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा थप्पीवर) चालते. लॅपटॉपवर किंवा फोनवर कंसातली लिस्ट तपासायची, तिथेच तिचे बाइट बनवायचे आणि चिपच्या १ केबी ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) पाठवायचे. ईईप्रॉमची प्रत्येक जागा एक लाख वेळा लिहिता येते. मृग आणि आंबिया या दोन बहारांत मिळून नियम कितीही वेळा बदलला, तरी त्या बाजूने काळजी नाही. काळजी घ्यायची ती लिहिता लिहिता लाइट गेली तर काय याची. म्हणून नियमाच्या दोन जागा ठेवा, नवा पूर्ण लिहून त्याच्या बाइटांची बेरीज (चेकसम) जुळली की मगच कोणता चालवायचा तो बाइट बदला.